मागचं हौसिंग ओळखायचं कसं?

प्रश्न : जुना सहाचाकी ट्रक घेतलाय, उसाला लावतो. हौसिंग मूळचं की बदललेलं, कळत नाही. क्राऊन-पिनियन कुठलं मागू?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : गाडीच्या मॉडेलवरून माल मागू नका. आधी हौसिंगवरचा चिखल-ग्रीस वायरब्रशने खरवडा. पट्टी किंवा ओतीव अंक सापडले, तर त्यांचा फोटो स्पेअरवाल्याला दाखवा. काहीच नसेल, तर डिफरन्शियल उतरवून दात मोजा. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ७ असतील, तर रेशो ५.८६.

न उघडताही अंदाज येतो. रिकामी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. मागची एकच बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडा. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तोच रेशो. मोजणाऱ्याने बाजूला उभं राहावं, गाडीखाली शिरू नये, ही माझी कळकळीची विनंती.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला. एक जुनं, एक नवं चालत नाही. ब्रीदरही साफ करा. तो तुंबला की भरल्या गाडीने चंदनापुरी घाट चढताना तेल तापतं, आत दाब वाढतो आणि सील गळू लागतं.