दुसऱ्याच्या शब्दावर

चिमूर,
नागपंचमी

चि. भाचीस,

तुझं पत्र पोचलं. स्वतः पाहिलं किंवा तपासलं नाही ते ‘माहीत आहे’ असं म्हणणार नाहीस, असं तू लिहितेस; आणि चार ओळींनंतर, शेवटी ज्याचं त्याचं सत्य वेगळं, असंही. एका वाक्यात फारच कडक आणि दुसऱ्यात फारच ढिली. पण मला दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत दिसते : गोष्ट खरी असणं वेगळं आणि ती आपल्याला कळण्याची वाट वेगळी. इथल्या जंगलाच्या कोलारा गेटातून आत गेलेल्या जिप्सीला धुळीत ताजा पंजा दिसतो आणि गाइड सांगतो, पहाटे वाघ इथून गेला. वाघ कुणाच्याच नजरेस पडलेला नाही. नंतर सर येऊन पंजा धुऊन गेली, तरी गेलेला वाघ गेलेलाच. धुतला गेला तो आपला पुरावा. पूर्वी वाघांची गणतीही पंजांच्या ठशांवरून होत असे. सारिस्काच्या व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलेच नाहीत हे 2005 मध्ये उघड झालं, त्यानंतर ती पद्धत मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅप आले. आता बघ, मोजणी चुकली म्हणून वाघांचा आकडा ज्याचा त्याचा झाला का? उलट, मोजणाऱ्यांच्या मतापलीकडे खरा आकडा असतो, म्हणून तर मोजणी चुकली असं म्हणता आलं. ‘ज्याचं त्याचं सत्य’ मानलं तर चूक हा शब्दच भाषेतून काढून टाकावा लागेल.

तुझ्या पहिल्या वाक्याची परीक्षा मात्र जंगलात होत नाही, आपल्या गावातच होते. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेलं गाव, मोर्चा, गोळीबार; बालाजी रायपूरकर गेला, आणि चवताळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना व पोलिसांना ठार मारलं. मग फौज आली. पुरुष धरून नेले आणि घरांत उरलेल्या बायकांवर अत्याचार झाले. हे आपल्याला कशावरून माहीत? त्या बायकांच्या सांगण्यावरून, आणि त्यांचं ऐकायला जी माणसं नागपूरहून इथवर आली त्यांच्यावरून. सरकारने आरोप फेटाळले आणि चौकशी नाकारली. सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केलं, तर त्याची बातमी छापायलाच बंदी आली. तुझी कसोटी लावायची तर 1942 साली चिमूरबाहेरच्या कुणालाच काही ‘माहीत’ नव्हतं, आणि सरकार अगदी बरोबर होतं.

तू म्हणशील, माणसं खोटं बोलतात, दुखावलेली माणसं वाढवून सांगतात, आणि उशिरा आलेल्या तक्रारीवर भरवसा कसा ठेवायचा? आक्षेप खरा आहे. पण खोटं डोळेही सांगतात, तरी आपण डोळे मिटून चालत नाही. पुन्हा निरखून पाहतो. शब्दालाही तोच न्याय लाव. न्यायसूत्रांनी ज्ञानाच्या प्रमाणांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या पंगतीला शब्द, म्हणजे दुसऱ्याची साक्ष, बसवला तो आंधळेपणाने नाही. शब्द कुणाचा, तर आप्ताचा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, तर ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची इच्छा आहे तो. सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू केलं. ज्ञानाच्या दारात त्याने जात विचारली नाही. समाजाने विचारली ती गोष्ट निराळी. आता चिमूरच्या बायकांना हे लावून बघ. घडलं ते त्यांच्यावर घडलं, म्हणजे ठाऊक त्यांनाच. बोलून मिळणार काय होतं? त्या काळी असं सांगणारी बाई अब्रू, सोयरीक, घरातली जागा एवढं सगळं पणाला लावत होती. उशीर झाला, कारण घरचे पुरुष कोठडीत होते आणि गावात बंदुका होत्या. ऐकायला आलेल्यांत डॉ. मुंजे होते, हिंदुमहासभेचे, काँग्रेसचे विरोधक. काँग्रेसच्या आंदोलनाची बाजू सजवण्यात त्यांना काय रस? फेटाळणाऱ्या सरकारला मात्र फेटाळण्यात उघड लाभ होता.

वैशेषिक आणि बौद्ध यावर म्हणतील, मग हे अनुमानच झालं, शब्द वेगळं प्रमाण कशाला? असू दे. तो वाद मला आजही सुटलेला वाटत नाही. पण त्यांच्या बाजूने निकाल लागला तरी साक्ष जाते कुठे? ती फक्त वेगळ्या रकान्यात बसते. फेकून देतो तो फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाक, आणि इतिहास शिकायला निघालेल्या मुलीला त्याची संगत परवडणारी नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांत अंतर आहे. सिद्ध करण्याची साधनं ज्याच्या हातात, त्यानेच दार लावून घेतलं असेल, तर न झालेली सिद्धता साक्षीदाराच्या खात्यावर मांडायची नसते.

मात्र हाच न्याय आपल्यावर उलटतो, आणि तिथे आपण कच्चे आहोत. जमावाच्या हातून जे मेले तेही नोकरीवरचे इथलेच लोक होते. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं होतं, हे 16 ऑगस्टच्या भाषणांत मला सहसा ऐकू येत नाही. ऐकल्याने हुतात्मे लहान होत नाहीत, आणि सरकारने केलेलं झाकलंही जात नाही.

नागपूरला आहेसच, तर एखाद्या जुन्या ग्रंथालयात जानेवारी 1943 च्या वर्तमानपत्रांच्या फायली मागून बघ. भन्साळींच्या बातमीवरच्या बंदीचा निषेध म्हणून 6 तारखेला अनेक पत्रांनी अंकच काढला नव्हता. कुठल्या फायलीत 5 नंतर एकदम 7 तारीख येते आणि कुठल्यात नाही, ते टिपून दिवाळीला घेऊन ये.

तुझा,
मामा