तव्याचं वय ओळखण्याची कृती

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय भावाची बोलणी पुढे सरकत नाहीत. नॉनस्टिक तव्याचंही वय असंच बघता येतं. लेप गेलेला तवा कित्येक घरांत वर्षानुवर्षं वापरात राहतो, आणि लेप धड असलेला तवा मात्र ‘चिकटायला लागला’ म्हणून भंगारात जातो. दोन्ही टाळण्यासाठी ही कृती.

साहित्य: जुना नॉनस्टिक तवा, 2 चमचे खाण्याचा सोडा, पिळून झालेल्या लिंबाच्या 2 फोडी, मऊ फडकं, 2 चमचे डाळीचं पीठ आणि दिवसाचा लख्ख उजेड.

कृती: तवा धुऊन, कोरडा करून अंगणात न्यावा आणि तिरपा धरून बघावा. पांढुरके ठिपके दिसले तर ते बहुतेक बोअरच्या जड पाण्याचे क्षार. तपकिरी, बोटाला किंचित खरबरीत लागणारा थर असेल तर तो करपलेल्या तेलाचा. चकाकती चंदेरी रेघ दिसली तर मात्र ते उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे, तिसरीवर नाही.

मग तवा सपाट फरशीवर ठेवून बोटाने फिरवावा. भिंगरीसारखा फिरला तर बूड फुगलं आहे. अशा तव्यात तेल सगळीकडे सारखं पसरत नाही, कोरडा राहिलेला भाग जास्त तापतो आणि लेप तिथे लवकर जातो. तापलेला तवा थेट नळाखाली धरल्याने बुडाला असा बाक येतो.

आता सफाई. क्षारांसाठी तव्यात थोडं पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून पाच मिनिटं मंद उकळावं. आपल्या तालुक्यात लिंबाला तोटा नाही, तेव्हा व्हिनेगर विकत आणण्याची गरज नाही. हे पाणी ओतून टाकावं. मग 2 पेले पाण्यात सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळावं, तव्यातच निवू द्यावं आणि फडक्याने गोल गोल पुसावं. तपकिरी थर सुटू लागेल. जुना असेल तर हेच दोन-तीनदा करावं लागतं. तारेची घासणी, राख किंवा वाळू लावू नये.

हा थर येतो कुठून, ते समजून घ्यावं. तेलाचा पातळ हात तापत राहिला की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि राळेसारखं टणक आवरण बनतं. बिडाचा तवा आपण ज्या आवरणासाठी मुरवतो, तेच हे. बिडावर ते धिरडं सोडवतं. नॉनस्टिकवर तेच गुळगुळीत लेपाला झाकून टाकतं आणि पदार्थ धरून ठेवतं. म्हणून चिकटणारा प्रत्येक तवा मेलेला नसतो.

शेवटी परीक्षा. डाळीचं पीठ पाण्यात कालवून, तेल न लावता मंद आचेवर रुपयाएवढी तीन धिरडी घालावी: एक मधे, दोन कडेला. कडा सुटल्यावर तवा हलवावा. तिन्ही सरकली तर तवा अजून कामाचा आहे. मधलं चिकटलं आणि तिथेच चंदेरी दिसत असेल तर लेप संपला.

हा लेप म्हणजे टेफ्लॉन. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला 1938 मध्ये तो योगायोगाने सापडला. त्याला काहीच चिकटत नाही, मग तो तरी धातूला कसा चिकटावा? अ‍ॅल्युमिनियम खरबरीत करून त्या खाचांत तो बसवण्याची युक्ती फ्रान्सच्या मार्क ग्रेग्वार यांनी 1950 च्या दशकात तव्यासाठी वापरली. लेप असा खाचांत अडकूनच टिकतो, त्यामुळे एकदा कड उचलली की पोपडा वाढतच जातो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर चिंच-टोमॅटो शिजवू नये. आंबट त्याला खातं.

लेपाचा खरा शत्रू म्हणजे कोरडी आच. सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या पुढे टेफ्लॉन बिघडू लागतं, 350 च्या पुढे त्याचे विषारी वायू होतात. पिंजऱ्यातले पोपट त्या वाफेने दगावल्याच्या नोंदी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शनात 170 अंशांवरच सावध केलं आहे, आणि लेप झिजलेली भांडी टाकून द्यायला सांगितलं आहे. घरात मापक नसतो, तेव्हा खूण एकच: तेलातून धूर निघाला की आच फार झाली.

आपल्याकडे नॉनस्टिक लवकर जातो तो याच कारणाने. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला तवा कोरडाच सणसणीत तापवावा लागतो. त्या आचेवर महागातला लेपही टिकत नाही. त्यावर धिरडं, घावन, अंड्याची पोळी करावी, मंद आचेवर, लाकडी उलथण्याने. ठेवताना दोन भांड्यांमधे कापड घालावं.

लेप गेला असेल तर बिडाचा तवा घ्यावा. गरम पाण्याने धुऊन लगेच आचेवर कोरडा करावा. तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवावा, निववावा, पुसावा. असं पाच वेळा करावं. पहिली काही धिरडी घालताना अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा.

आणि भाकरीसाठी लोखंडी तवा वेगळा ठेवा. नॉनस्टिकवर भाकरी टाकू नका.