गाजरगवत उपटायला मुलांना केव्हा पाठवावे?

आपल्या मुलांच्या हायस्कुलात इको क्लब असतो. केंद्र सरकारने २००१-०२ साली राष्ट्रीय हरित सेनेची योजना काढली, तेव्हापासून हे क्लब शाळाशाळांतून निघाले. एका क्लबात साधारण तीस ते पन्नास मुले आणि त्यांच्यावर एक शिक्षक. गावासाठी काही काम करायचे ठरले की बहुधा दोनच कामे डोळ्यांपुढे येतात, झाडे लावणे आणि गाजरगवत उपटणे. झाडांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे आम्ही गाजरगवताचे बोलणार आहोत, कारण हे काम वेळेवर केले तर गावाचे भले होते आणि अवेळी केले तर मुलांच्या अंगाशी येते.

या गवताला आपल्याकडे काँग्रेस गवत असेही म्हणतात. पांढऱ्या फुलांमुळे की त्या काळच्या सरकारमुळे, यावर म्हातारी माणसे अजून वाद घालतात! पुण्यात १९५५ साली त्याची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे सांगितले जाते. पुढे ते इतके पसरले की कर्नाटक सरकारने १९७५ साली त्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. आज भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद कोठेही जा, रस्त्याच्या कडेला, बांधावर, शाळेच्या मागे ते उभे आहेच.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात मुलांची रांग काढून गवत उपटण्याचा कार्यक्रम होतो. सप्ताहाला आमचा विरोध नाही. पण हिशेब करून पाहा. मृगाच्या पावसाबरोबर हे बी उगवते. आधी पाने जमिनीला चिकटून पसरतात, मग मधून दांडा वर येतो, आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फूल लागते. म्हणजे जूनच्या मध्याला उगवलेले रोप जुलै संपता संपता फुलते. ऑगस्टच्या मध्याला मुले हात घालतात तेव्हा त्यावर परागही असतात आणि बीही धरू लागलेले असते. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. असे झाड उपटून ओढत नेले की वाटभर बी सांडते, म्हणजे आपणच पेरणी केली!

खरा धोका अंगाला आहे. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याने कातडीला खाज सुटते, पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू येथे कातडी लाल होऊन जाड पडते. परागाने शिंका येतात, आणि दम्याच्या माणसाला जास्त त्रास होतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसत नाही. वारंवार संबंध आल्यावर, कधी काही वर्षांनी, ती उठते, आणि एकदा उठली की बहुधा जन्मभर पाठ सोडत नाही. म्हणून "गेल्या साली आमच्या पोराला काही झाले नाही" हे म्हणणे पुरेसे नाही.

मग काम करावे कधी? शाळा जूनच्या आरंभी उघडते. जूनअखेर ते जुलैचा पंधरवडा, जमीन ओली असताना, फूल येण्याआधी, मुळासकट. हातांत मोजे हवेत. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर रुमाल. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत आणि कपडे वेगळे धुवायला टाकावेत. दमा किंवा कातडीचा विकार असलेल्या मुलाला या कामावर पाठवूच नये. त्याला नोंदवहीचे काम द्यावे. फूल आलेल्या जागी मोठ्यांनीच हात घालावा, तोही जपून. आणि ऑगस्टच्या सप्ताहात मुलांनी घरोघर जाऊन माहिती सांगावी.

उपटलेले कोवळे गवत वाया जात नाही. तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घेऊन त्यात गवताचा थर, शेणकाला, वर माती असे भरत जावे. चार-पाच महिन्यांत खत होते. फुललेले गवत मात्र या खड्ड्यात टाकू नये.

कोणी म्हणेल, बांधावरच्या गवताने माझ्या पिकाचे काय बिघडते? सूर्यफूल लावणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. नेक्रोसिस हा सूर्यफुलाचा रोग १९९७ साली कर्नाटकातच बागेपल्लीला दिसला. त्याचा विषाणू गाजरगवतात राहतो, पण गवतावर रोगाची खूण दिसत नाही. फुलकिडे परागाबरोबर तो पिकावर आणतात. जनावराने हे गवत खाल्ले तर दूध कडवट लागते, हे तर आपल्या घरच्या बायकांना ठाऊकच आहे.

पावसाळ्यात या गवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली तर तेथे औषध फवारू नये. ते काम मेक्सिकन भुंग्याचे आहे. मळकट पांढऱ्या पाठीवर काळसर रेघा, अशी त्याची ओळख. १९८४ साली बेंगळुरूला तो प्रथम सोडला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्यामुळे मोठा वाद झाला, पण तपासणीनंतर त्याला मोकळीक मिळाली. मुलांनी असे भुंगे भोके पाडलेल्या डब्यात पानांसकट भरून, जेथे नाहीत अशा पडीक जागी नेऊन सोडावेत. हे काम मुलांना आवडते, आणि त्यात उपटण्याचा त्रास नाही.

उपटलेली जागा रिकामी राहिली तर तेच गवत पुन्हा येते. तेथे तरोटा वाढवावा. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही. तरोट्याच्या शेंगा पावसाळ्यानंतर वाळतात. तेव्हा क्लबच्या मुलांनी बी गोळा करून कोरड्या डब्यात ठेवावे आणि पुढच्या मृगाआधी, मे महिन्यात, रस्त्याच्या कडेने, शाळेच्या आणि चर्चच्या आवाराच्या कुंपणाबाहेर फेकावे.