या आठवड्याचे चित्रपट

वृत्तपत्रातील ‘या आठवड्याचे चित्रपट’ हे सदर आकाराने लहान असते. परंतु ते नीट वाचणे हेही एक भाषिक कौशल्य आहे. चित्रपटाचे नाव, भाषा, चित्रपटगृह व खेळांच्या वेळा एवढाच मजकूर त्यात असतो. क्रियापद क्वचितच आढळते. तरीही अर्थ पूर्ण होतो.

या मजकुराची परंपरा जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ झाले. त्यांची जाहिरात त्याच दिवशीच्या वृत्तपत्रात होती. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला.

आज बहुतेक नवे चित्रपट शुक्रवारी लागतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांची गर्दी पाहून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. सकाळचा एकच खेळ मिळालेला चांगला मराठी चित्रपट त्याची कीर्ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच पडद्यावरून उतरू शकतो. म्हणून हे सदर वाचताना नावाच्या अक्षरांचा आकार पाहू नये. खेळ किती आणि कोणत्या वेळी, हे पाहावे. चित्रपटाचे आयुष्य त्या आकड्यांत दडलेले असते.

पाठगत प्रश्न
१. या सदरात क्रियापदाशिवाय अर्थ कसा पूर्ण होतो?
२. आपल्या शहरातील एका मराठी चित्रपटाचे खेळ सलग दोन आठवडे नोंदवा. त्यांत कोणता फरक पडला, ते पाच वाक्यांत लिहा.