पाणी मानवत नाही, की हवा?

पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका येतात. नाक पाण्यासारखे गळते, डोळे आणि टाळू खाजते. ताप मात्र नसतो. ‘पुण्याचे पाणी मानवत नाही हो,’ असे आई मला सांगते. मी विचारतो, पहिल्या वर्षी हा त्रास होता का? बहुधा उत्तर येते, नाही. पाणी तर तेव्हाही तेच होते!

अ‍ॅलर्जी पहिल्याच भेटीत होत नाही. एखादा परागकण प्रथम नाकात जातो तेव्हा काही व्यक्तींचे शरीर त्याला शत्रू समजून प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. एक-दोन हंगाम असेच जातात. पुढे तोच परागकण आला की नाकातील पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका सुरू होतात. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ही महिना महिना रेंगाळते आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा येते.

लोक दोष देतात तो गुलमोहराला नाहीतर बोगनवेलीला. रंगीत फुलांचे परागकण जड व चिकट असतात. ते कीटक-पाखरे वाहून नेतात. वाऱ्यावर उडतात ते गवतांचे. गवताला फुले येतात हे आपल्या ध्यानातही नसते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबरात, त्यांचा जोर असतो. जानेवारी ते मार्चमध्ये निष्पर्ण वावळाला बारीक हिरवट फुले येतात. त्यांचे परागही वाऱ्यावरच पसरतात. भर पावसात पराग खाली बसतात, पण तेव्हा ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी असते.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. भारतात त्याची नोंद 1956 साली पुण्यातूनच झाली. आता ते आपल्याही बांधावर आहे. शिंकांखेरीज त्याने पापण्या, मान, कोपराच्या घड्या येथे खाजरा इसब होतो. वाळलेले गवतही बाधते. म्हणून फुलण्यापूर्वी, जमीन ओली असतानाच, हातमोजे व पूर्ण बाह्या घालून ते उपटावे. सफाईच्या बायकांना उघड्या हातांनी ते उपटायला लावतात, याचा मला राग येतो.

रुग्णाने कॅलेंडरवर शिंकांच्या दिवशी खूण करावी. वर्षभराच्या खुणांवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. हंगामात सकाळी खिडक्या लावाव्यात, बाहेरून आल्यावर तोंड-डोळे धुवावेत. अशा सर्दीवर अँटिबायोटिक्सचा उपयोग नाही. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घालू नयेत. नाक उलट अधिकच चोंदते. डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा मात्र रोज घ्यावा, त्याचा गुण यायला काही दिवस लागतात.

रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, छातीत सूं-सूं वाजू लागले, जिना चढताना दम लागला, तर ते नाकाचे दुखणे राहिलेले नाही, दम्याची शंका घ्यावी. ‘पंपाची सवय लागते’ या ऐकीव भीतीने थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना छाती दाखवावी. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.