चाकं रंगवतेयस ना? मग आधी हे ऐक

परवा तू व्हील कप काढून फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘ताई, बघवत नाही गं.’ अगं, सात-आठ पावसाळे काढलेल्या लोखंडी रिमा अशाच दिसतात. रंगाचे पोपडे निघालेले, कडेला तांबूस गंज, नटांखालून आलेले ओघळ. दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर त्याआधी चारी चाकं चंदेरी व्हावीत, ही तुझी हौस मला पटली. बाहेर कुणाला देऊन टाक, असं मी म्हणणार नाही. हे काम घरी होतं आणि चांगलं होतं. फक्त एक गोष्ट माझ्याकडून नीट समजून घे, कारण मला ती भर रस्त्यात कळली.

माझी पहिली गाडी आल्टो, बारा इंची चाकं. मी मोठ्या उत्साहानं रिमा आतून-बाहेरून रंगवल्या, कुठे म्हणून जागा सोडली नाही. जाड जाड तीन हात दिले, नटांची भोकंसुद्धा छान भरून काढली. नंतर चार दिवसांनी आईला घेऊन वाईला निघाले. खंबाटकी उतरताना डाव्या बाजूनं टक् टक् आवाज यायला लागला. मला वाटलं, टायरमध्ये खडा अडकला असेल. सुरूर फाट्याला पंक्चरवाल्याकडे थांबले. त्यानं वाकून बघितलं, पानाही घेतला नाही, दोन बोटांनी एक नट फिरवला. तो फिरला! चारातले दोन असेच हाती आले. मग त्यानं चाक उतरवलं आणि भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. माझा चंदेरी रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा गोल निघून आला, खाली पिठासारखा चुरा. मागे आई बसली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

काय होतं ते सांगते. चाक नटांवर लटकलेलं नसतं. नट आवळला की रिमची पाठ हबवर घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबानं चाक जागेवर राहतं. रिमला नटाच्या भोकापाशी वाटीसारखा उतार असतो, नटाचं निमुळतं तोंड त्यात बसतं. या दोन जागी लोखंडाला लोखंड भिडायला हवं. मध्ये रंग आला की तू आवळतेस तेव्हा घट्ट वाटतं, पण गाडी चालली, चाक तापलं की तो थर चेपतो, चुरा होतो आणि तेवढी फट पडते. दाब गेला की नट सैल. म्हणून त्या वाट्या आणि रिमची पाठ, जिथे ती हबला टेकते तेवढं वर्तुळ, मास्किंग टेपनं झाकायचं. कंपनीचा पातळ रंग तिथे असला तर असू दे, आपला चढवायचा नाही. उलट हबवर गंजाची खपली असेल तर तारेच्या ब्रशनं घासून काढ.

आता दसऱ्याचं. नवरात्रात हवा अजून ओलसर असते, मधूनच सर येते. दमट हवेत स्प्रेचा रंग वाळताना त्यावर पांढरट झाक धरते, आणि खालच्या लोखंडावर दोन तासांत पुन्हा गंज उमलतो. पूजा आहे त्या चाकांची कर, हळदकुंकू वाहा, झेंडूची माळ घाल. रंगाचं काम दिवाळी झाल्यावर काढ. कोरडी हवा, सकाळची नऊ-दहाची वेळ, वारा पडलेला. भर उन्हात नको, तापलेल्या रिमवर रंग पोचण्याआधीच वाळतो आणि हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो.

सुरुवात स्टेपनीपासून कर. हात तिच्यावर बसेल. मग ती एका चाकाच्या जागी लाव आणि ते चाक रंगव, ते झालं की पुढचं. गाडी कधीच अडून राहत नाही. चाक काढताना सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, मग जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, काढलेलं चाक लगेच गाडीखाली आडवं सरकवून ठेव.

खरी मेहनत घासण्यात आहे, आणि तिथेच सगळे कंटाळतात. आधी गाडीच्या शाम्पूनं धू. पुढच्या चाकांवर जो काळा थर असतो, ती ब्रेकची धूळ. त्यात बारीक लोखंड असतं, ती नुसत्या फडक्यानं निघत नाही. कुणी बाथरूमचं ॲसिड ओतायला सांगेल, ऐकू नकोस. ते सांध्यात मुरतं आणि आठवड्यात गंज वर आणतं. अलॉय असेल तर त्याचा वरचा थरच खातं. तारेच्या ब्रशनं पोपडे काढ, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं गंज उतरव, मग एकशेवीस, शेवटी तीनशेवीस. बोट फिरवल्यावर जुन्या रंगाची पायरी लागता कामा नये. घासता घासता गंजानं खोल खड्डे केलेले दिसले, वेल्डिंगजवळ चीर दिसली, तर ती रिम रंगवू नकोस, बदल. रंगाखाली चीर झाकणं हा जिवाशी खेळ आहे. अलॉयलाही हेच लागू.

टायर झाकायला घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घे. हवा थोडी कमी केलीस की रिम आणि टायरच्या फटीत पत्रिका खोचता येतात, एकावर एक चढत गोल. उभ्या पाकळ्यांसारख्या दिसतात आणि टायरवर रंगाचा ठिपका उडत नाही. व्हॉल्व्हला टेप लाव. रिमच्या कडेला बॅलन्सिंगचे छोटे तुकडे असतात, ते काढू नकोस. पडला तर आधी बॅलन्सिंग करून घे, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरेल.

थिनरच्या फडक्यानं पुसून, वाळवून, मग प्रायमर. दारा-खिडक्यांचा रेड ऑक्साइड घरात पडलेला असतो म्हणून तोच वापरू नकोस. त्यावर स्प्रेचा रंग मारला की काही वेळा पापडासारख्या सुरकुत्या येतात. ज्या कंपनीचा रंग, तिचाच प्रायमर घे. प्रायमर वाळला की रंग. डबा दोन मिनिटं खडखडून हलव. वीतभर लांबून, हात चालता ठेवून, पातळ हात दे. पहिला हात झाल्यावर खालचं दिसत राहिलं पाहिजे. झाकलं गेलं तर तू जास्त मारलंस आणि ओघळ येणार. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुढचा, असे तीन. मग क्लिअर कोट.

नाकाला ओढणी बांधून भागत नाही, वाफ थांबवणारा मास्क आण. बंद पार्किंगमध्ये नको, गॅस आणि समई-निरांजनापासून लांब. शेजारच्यांची गाडी जवळ असेल तर हलवायला सांग. ते बारीक तुषार वाटतं त्यापेक्षा लांब जातात.

तासाभरात रंग हाताला लागेनासा होईल, म्हणून चाक चढवायची घाई करशील. चोवीस तास थांब, आणि आठवडाभर प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नकोस. चढवताना टेप निघालाय ना, वाट्या उघड्या आहेत ना, ते बोट घालून बघ. हवा पूर्ववत भर. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे पान्यानं, शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकल्यावर. पान्यावर उभी राहून उड्या मारू नकोस. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, टॉर्क पाना असलेल्या गॅरेजमध्ये एकदा बघून घे.

आणि पन्नास किलोमीटर झाले की गाडी बाजूला घे, चारी चाकांचे नट पुन्हा तपास, मगच आईला मागे बसव.