धंदा वाढतो, तसं नावही वाढलं पाहिजे

"बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही" असं आपल्याकडे म्हणतात. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला बोलायला कोणी शिकवत नाही. आपण मशीन डिझाईन शिकतो, कॉस्टिंग शिकतो आणि समजतो की माल चांगला असला म्हणजे धंदा आपोआप चालेल. होस्टेलमध्ये रात्री दीड वाजता चहा पिताना निम्मी मंडळी "नोकरी नको, स्वतःचं काहीतरी सुरू करू" असं म्हणत असतात. हा लेख खास त्यांच्यासाठी. विषय आहे पब्लिक रिलेशन्स, म्हणजेच जनसंपर्क.

जनसंपर्क म्हणजे नक्की काय?

पुष्कळांना जनसंपर्क म्हणजे जाहिरात वाटते. दोन्हींत मोठा फरक आहे. जाहिरातीत आपण पैसे देऊन जागा विकत घेतो आणि आपलं कौतुक आपणच करतो. जनसंपर्कात आपल्याबद्दल दुसरे बोलतात. ते काय बोलतील हे आपल्या हातात नसतं, पण त्यांना खरी माहिती वेळेवर देणं आपल्या हातात असतं. धंदा ज्यांच्या विश्वासावर उभा असतो ते सगळे यात येतात : गिऱ्हाईक, कामगार, कच्चा माल देणारा व्यापारी, बँक, शेजारी, नगरपालिका आणि पत्रकार. या प्रत्येकाशी सलोख्याचं नातं ठेवणं म्हणजे जनसंपर्क.

वाढत्या धंद्याला याची गरज जास्त का? कारण दोन माणसांच्या धंद्यात मालक स्वतःच जनसंपर्क अधिकारी असतो. तो प्रत्येक गिऱ्हाईकाला नावाने ओळखतो. माणसं दहा झाली की गिऱ्हाईकाला मालक दिसतच नाही. त्याला दिसतो तो डिलिव्हरीला आलेला मुलगा आणि न उचललेला फोन. धंदा वाढतो तिथेच ओळख तुटते.

आमच्या वांगणीचंच उदाहरण देते. बदलापूरच्या पुढचं हे आमचं स्टेशन. गेल्या काही वर्षांत इथे बिल्डिंगा भराभर उभ्या राहिल्या. आमच्या ओळखीचे एक काका खिडक्यांच्या ग्रिल बनवतात. आधी ते आणि एक हेल्पर होता, मग कामगार नऊ झाले. वेल्डिंग अगदी पक्कं, भावही रास्त. एका सोसायटीच्या कामाला तीन आठवडे उशीर झाला, कारण पावसात लाईट जात होती. काकांनी कोणाला काही कळवलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "ॲडव्हान्स घेऊन गायब झाला." दोन दिवसांत ते आजूबाजूच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं आणि शेजारच्या पूर्ण विंगचं काम दुसऱ्याला गेलं. काका म्हणाले, "अगं, मी कुठे पळालो होतो? वर्कशॉपमध्येच तर होतो!" गोष्ट खरी होती. पण ती सांगायला हवी होती तेव्हा कोणी सांगितलीच नाही. एका फोनची किंमत एक पूर्ण विंग!

नांगर आणि मासिक

हा धडा महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्याने गिरवला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. म्हणजे ते आपल्याच बिरादरीतले! ती नोकरी सोडून ते बेळगावला सायकलच्या धंद्यात उतरले आणि पुढे लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर, त्यांनी कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी केली. तीच आजची किर्लोस्करवाडी.

नांगर उत्तम होता, पण सुरुवातीला खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आता विचार करा, ही अडचण डिझाईनची होती का? नाही, ती विश्वासाची होती. स्टीलचा ग्रेड बदलून ती सुटली नसती. शेतकऱ्याची शंका ऐकून, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलत राहणं हाच उपाय होता.

१९२० मध्ये कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू झालं. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे आणि हाडाचे चित्रकार. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाईकांपर्यंत पोचवावी हा मूळ हेतू. पण शंकररावांनी त्यात नुसती नांगराची स्तुती छापली नाही. वाचकाला उपयोगी पडेल, विचार करायला लावेल असा मजकूर दिला. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. ज्यांच्या घरी शेती नव्हती, नांगर नव्हता, त्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आदराने पोचलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही होतं आणि ते त्यांनी नियमित सांगितलं.

संकटात काय करायचं?

जनसंपर्काची खरी परीक्षा संकटात होते. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीला अटलांटिक सिटीजवळ मोठा अपघात झाला. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघाताची बातमी दाबून टाकत. पण कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी उलट केलं. पत्रकारांना घटनास्थळी बोलावलं आणि कंपनीतर्फे माहितीचं निवेदन काढलं. जगातल्या पहिल्या प्रेस रिलीजपैकी एक म्हणून त्याची गणना होते.

आमच्या भागातला अनुभव सांगायचा तर २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत सुमारे १०५० प्रवासी होते. त्या वेळी रेल्वेने पुनःपुन्हा एकच सूचना दिली : गाडीतून उतरू नका, गाडीत तुम्ही सुरक्षित आहात, मदत येत आहे. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि गावकरी धावून आले. २७ तारखेला सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले आणि पुढे कल्याणहून खास गाडीने रवाना झाले. घाबरून लोक पाण्यात उतरले असते तर? संकटात स्पष्ट, खरी आणि एकसारखी माहिती देण्याने जीवसुद्धा वाचतात. (गंमत बघा, ती गाडी ज्या मार्गाने जाते त्यावरच किर्लोस्करवाडी आहे!)

नाव कमावलं जातं, रंगवलं जात नाही

इथे एक सावधगिरीचा इशारा. जनसंपर्क म्हणजे रंगसफेदी नव्हे. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद सर्वांना माहीत आहे. यूएसए म्हणजे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीनंतर सगळं गमावून आलेल्या लोकांनी तिथे कष्टाने उद्योग उभे केले, पण या एका विनोदामुळे तिथल्या अस्सल मालाकडेही लोक संशयाने बघतात. एकदा चिकटलेलं नाव असं पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी वालधुनी नदीत गेलं, प्रकरण न्यायालयापर्यंत पोचलं आणि अनेक युनिटना टाळं लागलं. नदीचा रंग बदलला असताना कुठलाही पीआरवाला काय सांगणार?

याच्या उलट उदाहरण वांगणी स्टेशनचं. १७ एप्रिल २०२१ रोजी पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून गाडी येत असताना रुळावर धावत जाऊन एका अंध आईच्या लहान मुलाला वाचवलं. सीसीटीव्हीचं ते चित्रण देशभर गेलं. बक्षिसाच्या रकमेतली अर्धी त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. पुढे जावा कंपनीने त्यांना मोटारसायकल भेट दिली. २०१८ मध्येच नव्याने बाजारात आलेला तो ब्रँड होता. कोणी म्हणेल, ही तर स्वस्तातली पब्लिसिटी! असेलही. पण चांगल्या कामाचा सन्मान करून कंपनीचं नाव होत असेल तर दोघांचाही फायदाच. फक्त क्रम विसरू नका. आधी काम झालं, मग बातमी आली. शेळके कॅमेऱ्यासाठी धावले नव्हते.

आपण काय करू शकतो?

१. धंद्याची गोष्ट चार वाक्यांत लिहून ठेवा : काय बनवतो, कोणासाठी, का, आणि काय करत नाही.

२. उशीर होणार असेल तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी कळवा. कारण आणि नवी तारीख दोन्ही सांगा.

३. तक्रारीला त्याच दिवशी उत्तर द्या. चूक असेल तर मान्य करा, नसेल तर शांतपणे पुरावा दाखवा.

४. कामगारांना सगळं आधी सांगा. गावात कंपनीबद्दल खरं मत त्यांच्याच तोंडून जातं.

५. पत्रकाराला भेटवस्तू देऊ नका, माहिती द्या. आकडे फुगवू नका. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढचं खरंही कोणी छापत नाही.

६. माहिती द्यायला एकच माणूस नेमा, म्हणजे तीन तोंडांतून तीन उत्तरं जाणार नाहीत.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लागते ती सवय. आणि ती सवय लावायला कॉलेजसारखी जागा नाही. टेक्निकल फेस्टला स्पॉन्सर मिळवता ना? मग फेस्ट झाल्यावर त्यांना आभाराचं पत्र आणि हिशोब पाठवा. मेसच्या काकांशी, रेक्टर सरांशी, शेजारच्या वस्तीशी नीट बोला.

आमच्या ग्रिलवाल्या काकांनी आता प्रत्येक कामाला एक वही केली आहे. दर शनिवारी ते सोसायटीच्या सेक्रेटरींना कामाचा फोटो पाठवतात. गेलेली विंग परत आली नाही, पण समोरच्या बिल्डिंगचं काम मिळालं. वेल्डिंग तेव्हाही पक्कं होतं आणि आताही आहे. आता ते लोकांना माहीत आहे, एवढंच.